तीन सायकली गेल्या, एक आली

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाच वाजता आमच्या गटातले तिघे साताऱ्याच्या समर्थ मंदिर चौकात माझी वाट पाहत उभे होते आणि मी घराच्या पडवीत तीन सायकलींच्या मधोमध हातात पंप घेऊन बसलो होतो. हलक्या हार्डटेलच्या (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलीच्या) पुढच्या चाकातले सीलंट, म्हणजे टायरमधली छिद्रे बुजवणारे द्रव, उन्हाळ्याच्या उष्म्याने सुकून गेले होते, त्यामुळे आदल्या रात्री भरलेली हवा सकाळपर्यंत टिकली नव्हती. लांब सस्पेन्शनच्या सायकलीच्या मागच्या शॉकवर तेलाचा ओला पट्टा उमटला होता आणि शॉक हाताने दाबला तरी बसत होता. तिसरी, म्हणजे सस्पेन्शन नसलेली आणि कॅरिअर लावलेली जुनी सायकल, पहिल्याच पावसात भिजून तशीच उभी राहिल्यामुळे तिची साखळी तांबारली होती. शेवटी मित्रांना फोन करून पुढे जायला सांगितले. पहिल्या पावसानंतरची यवतेश्वरच्या घाटातली ती सकाळ हुकल्याचे मला फार वाईट वाटले. तीन सायकली घरात असताना ती हुकावी, याचे अधिकच वाईट वाटले.

या तिन्ही सायकली मी एकेका कामासाठी घेतल्या होत्या आणि घेताना प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखे होते. १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, पुढच्या चाकाचा फोर्क आणि पाठीमागे काही नाही, अशी अकरा किलोची हार्डटेल घाट चढण्यासाठी होती. पुढेमागे १६० मिलिमीटरची सायकल पुण्याच्या एका मित्राकडून वापरलेली घेतली होती, ती डोंगरधारेवरच्या कातळाच्या उतारांसाठी. जुनी कॅरिअरवाली बामणोलीपर्यंत सामान नेऊन मुक्काम करण्यासाठी होती. मात्र तीन सायकली म्हणजे तीन प्रकारचे ब्रेक पॅड, दोन प्रकारचे ब्रेक ऑइल (एकाला मिनरल ऑइल, दुसऱ्याला डॉट, आणि यांची सरमिसळ झाली की सील फुगून ब्रेक निकामी होतो), तीन मापांच्या कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे संच) आणि देखभालीच्या तीन वेगवेगळ्या तारखा, हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. फोर्कच्या खालच्या नळ्यांचे तेल साधारण ५० तासांनी बदलावे, असे फोर्क बनवणारेच सांगतात. सायकल खुंटीला टांगलेली असली तरी सीलंट सुकतेच आणि रबराची सीलही म्हातारी होतच असतात.

शॉक मिस्त्रींकडे नेला तेव्हा त्यांनी तो उजेडात धरून फिरवला आणि म्हणाले, "सर, सील गेलंय. आपल्याकडं व्हायचं न्हाई हे काम, पुण्याला पाठवायला लागंल. पंधरा दिवस धरून चाला." त्या पंधरा दिवसांत मी वर्षभराची वही उघडली. फेरी कुठे झाली, किती अंतर झाले आणि कोणती सायकल नेली एवढे मी गेली काही वर्षे नेमाने लिहीत आलो आहे. आधीच्या बारा महिन्यांत ९४ फेऱ्या निघाल्या. त्यांपैकी ६१ घराजवळच्या, म्हणजे यवतेश्वरचा घाट, कासचा रस्ता आणि कृष्णाकाठच्या पाणंदी. २२ ठोसेघर आणि चाळकेवाडीच्या बाजूच्या. कातळाच्या अवघड उतारांवरच्या अवघ्या ७ आणि सामान घेऊन केलेल्या ४. ज्या सायकलीवर मी सर्वांत जास्त पैसे घातले आणि जिच्यासाठी शॉक पुण्याला धाडला, ती वर्षातून सात वेळा बाहेर पडली होती.

ही वही समोर नसती, तर मी नवी सायकल निवडतानाही त्या सात दिवसांकडे बघूनच निवडली असती, कारण अवघड उताराची आठवण मनात ठसठशीत राहते आणि मंगळवारी सकाळी लिंबच्या बाजूला मारलेली साधी फेरी विसरून जाते. माझा आग्रह इथेच आहे. एकच सायकल ठेवायची असेल, तर ती वर्षातल्या सर्वांत कठीण दिवसासाठी घेऊ नये. जे दिवस सर्वांत जास्त येतात त्यांच्यासाठी घ्यावी आणि कठीण दिवशी ती आपल्याला सुखरूप घरी आणील एवढे मात्र पाहावे.

आता माझे जास्त येणारे दिवस कसे असतात, हे साताऱ्याच्या जमिनीवरून सांगावे लागेल. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले असल्यामुळे पश्चिमेला निघालात की चढ लागतोच. इकडे यवतेश्वर, तिकडे बोगद्यातून पुढे परळी, सज्जनगड आणि ठोसेघर. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. तिथे जांभ्यावरच्या बोटभर मातीत फुलांचे बी रुजते आणि चाकाचा एक ओरखडाही तिथे पुढच्या हंगामापर्यंत राहू शकतो. म्हणून कासला आम्ही डांबरी रस्ता सोडत नाही, कोणी सोडू नये, आणि अर्थातच त्या फेरीसाठी सस्पेन्शनची गरज पडत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर मात्र पवनचक्क्यांमधून गेलेले कच्चे रस्ते आहेत. त्यांत मुरूम, उघडा पडलेला जांभा आणि मुठीएवढे सुटे दगड एकामागोमाग येतात. पूर्वेला खाली उतरलो की उसाच्या फडांमधल्या पाणंदी आणि काळी माती. म्हणजे मला चढायला जड होणार नाही, सुट्या दगडांवर मागचे चाक जमीन सोडणार नाही आणि चिखलात अडकणार नाही, अशी सायकल हवी होती.

दहा-बारा वर्षांपूर्वी अशी सायकल मागितली असती, तर दुकानदाराने मला दोन्ही बाजूंनी अर्धवट अशी काहीतरी दाखवली असती. आज ती मिळते, याचे श्रेय मी सस्पेन्शनपेक्षा फ्रेमच्या कोनांना देतो. हँडल ज्या नळीत फिरते, तिचा जमिनीशी होणारा कोन म्हणजे हेड अँगल. माझ्या जुन्या हार्डटेलचा तो ७० अंश होता. अशा उभ्या कोनामुळे पुढचे चाक स्वाराच्या जवळ येते, वळण चटकन घेता येते, पण उतारावर त्याच चाकाला दगडाची पायरी आडवी आली की सायकल थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. हल्लीच्या ट्रेल सायकलींत, म्हणजे चढ आणि उतार दोन्हींसाठी केलेल्या डोंगरी सायकलींत, हा कोन ६५-६६ अंशांवर आला आहे. चाक पुढे सरकते आणि दगडावर आदळण्याऐवजी त्यावरून चढून जाते. एवढ्यावर भागले नसते, कारण पुढचे चाक लांब गेले की चढावर ते उचलले जाऊन इकडे-तिकडे भटकते, आणि १६० मिलिमीटरच्या जुन्या सायकलीवर मी नेमका याच त्रासाने घाटात उतरून चालत असे. त्यावर उपाय म्हणून सीटच्या नळीचा कोन उभा केला गेला. ७३ अंशांचा ७६ झाला, त्यामुळे बसल्या जागी अंगाचे वजन पुढच्या चाकावर राहते. उतारासाठी केलेला बदल चढाला जड जाऊ नये म्हणून केलेला हा दुसरा बदल मला या सगळ्या कारागिरीतला सर्वांत शहाणा बदल वाटतो.

दुसरी गोष्ट गिअरची. २०१६ साली स्रॅमने १० ते ५० दातांची बारा चकत्यांची कॅसेट आणली, पुढे शिमानोने १० ते ५१ ची आणली आणि २०२० मध्ये ती डिओरसारख्या मध्यम किमतीच्या संचात आली. पुढे ३२ दातांची एकच चकती ठेवून मागच्या ५१ वर साखळी टाकली की पायडलच्या एका फेऱ्यात २९ इंची चाकाची सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तरी ताशी पाच किलोमीटरच्या आसपासच्या गतीने तुम्ही चढत राहता, पण उतरावे लागत नाही. दुसऱ्या टोकाला ३२ आणि १० वर मिनिटाला ऐंशी फेऱ्यांनी पस्तीसचा वेग मिळतो. त्यापुढे पाय नुसते फिरतात आणि महामार्गाच्या सेवा रस्त्यावर रोड सायकलवाले मित्र पुढे निघून जातात. मला त्याची खंत नाही.

म्हणून मी पुढे १४० आणि मागे १३० मिलिमीटर ट्रॅव्हलची, २९ इंची चाकांची, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची ट्रेल सायकल घेतली. तिचे वजन साडेचौदा किलो आहे. मागे १५० घ्यावे की काय, यावर मी महिनाभर घोटाळत होतो. पण आमच्याकडे प्रत्येक उताराची किंमत आधी चढून मोजावी लागते आणि वाढलेला प्रत्येक सेंटिमीटर घाटात पायांना जाणवतो. ज्यांचे बजेट कमी आहे किंवा ज्यांना देखभालीची आवड नाही, त्यांना मी आजही १३० मिलिमीटर फोर्कची हार्डटेलच सुचवीन. तिला मागचा शॉक नाही, सांध्यांची बेअरिंग नाहीत आणि चाळकेवाडीच्या रस्त्यावर ती कुठे कमी पडत नाही. माझी पाठ अठ्ठेचाळीस वर्षांची आहे आणि तो रस्ता दोन तास दगडाने बनलेला आहे, एवढ्या एका कारणाने मी मागचे सस्पेन्शन घेतले.

सायकल घरी आली त्या संध्याकाळी मी ती भिंतीला टेकवून, पाण्याची पिशवी, हेल्मेट, बूट असा सगळा जामानिमा करून तिच्यावर बसलो. नुसत्या बसण्याने सस्पेन्शन किती दबते, म्हणजे त्याचा सॅग, मोजायचा होता. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक काळे रबरी कडे असते. ते सीलला टेकवायचे, झटका न देता सीटवर बसायचे, तसेच हळू उतरायचे आणि कडे किती सरकले ते मोजायचे. माझ्या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो पूर्ण दबला की जेवढा आत जातो ते अंतर, ५० मिलिमीटरचा आहे, त्यामुळे कडे १४ मिलिमीटरवर थांबायला हवे होते. ते १९ वर थांबले. मुलगी पट्टी धरून आकडा वाचत होती. मी दर खेपेला दहा पीएसआय हवा भरून पुन्हा बसत होतो. चौथ्या खेपेला ती म्हणाली, "बाबा, चौदा. आता हलू नका." पुढच्या फोर्कला २८ मिलिमीटरवर आणायला आणखी अर्धा तास गेला. हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत; टायरमध्ये पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय, तेही. तीन सायकली असताना त्यांतल्या एकीचाही सॅग मला तोंडपाठ नव्हता. दुकानात ज्याने कोणी हवा भरली असेल, तिच्यावरच मी वर्षे काढली.

टायर हा या एका सायकलीचा खरा बहुरूपीपणा आहे. दोन जोड चाके ठेवावीत आणि ऋतूप्रमाणे बदलावीत, असे मनात होते आणि जुन्या हार्डटेलची चाके त्यासाठी वापरता येतील असा अंदाज होता. पण तिचा मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १३५ मिलिमीटर रुंदीचा निघाला आणि नव्या फ्रेमला १४८ चा लागतो. दोन जोडांचा विचार तिथेच सोडला. आता वर्षातून दोनदा टायर बदलतो. जूनमध्ये पुढे २.४ इंची, मोकळ्या खुंट्यांचे आणि मऊ रबराचे, कारण ओल्या जांभ्यावर शेवाळ धरते आणि तिथे कडक रबर साबणावर फिरवल्यासारखे घसरते. मागे मात्र पावसाळ्यात मी मुद्दाम २.२५ चेच ठेवतो. पहिल्याच ऑगस्टमध्ये माहुलीच्या पुढे एका पाणंदीत मागे २.४ घालून गेलो होतो. काळी माती टायरला थर देत गेली, फ्रेमच्या फाट्यात दोन बोटांची जागा होती ती भरली आणि चाक जागेवर थांबले. उसाच्या पाल्याने आणि काठीने माती खरवडत मी ती पाऊण किलोमीटरची पाणंद तासाभरात पार केली. दिवाळीनंतर कोरडे पडले की दोन्हीकडे कमी उंचीच्या खुंट्यांचे टायर आणि भरपूर सीलंट, कारण तेव्हा वाटांवर बाभळीचे काटे असतात.

यात काय गेले तेही सांगतो. यवतेश्वरचा घाट मी आता हार्डटेलपेक्षा साडेतीन मिनिटे उशिरा चढतो आणि ही तफावत वर्षभरात कमी झालेली नाही. शॉकला दबू न देणारे लॉकआउट आवळले तरी साडेतीन किलो जास्त वजन कुठे जात नाही. कातळाच्या त्या सात दिवसांपैकी दोन ठिकाणी मी पूर्वी बसून उतरत असे, तिथे आता उतरून चालतो.

लांब सस्पेन्शनची सायकल, शॉक दुरुस्त होऊन आल्यावर, कोल्हापूरच्या एका मुलाने नेली. हार्डटेल कराडच्या भाच्याला दिली. "मामा, मागं सस्पेन्शन नाही ते बरंच झालं, कॉलेजला पण घेऊन जाता येईल," असे म्हणून त्याने ती लगेच टेम्पोत चढवलीही. जुनी कॅरिअरवाली अजून शेजारच्या वाड्यात उभी आहे, कारण तिचे काम नवीने उचललेले नाही. नव्या फ्रेमला कॅरिअरची भोके नाहीत आणि सीटखाली पिशवी बांधली, तर ड्रॉपर पोस्ट (चालवतानाच सीट खालीवर करणारा दांडा) खाली घेताच ती टायरला घासते. पुढच्या हँडलला बांधायची पिशवी शिवून घ्यायला टाकली आहे. ती नीट बसली आणि पाठीवर थोडे ओझे घेऊन नोव्हेंबरमध्ये कासमार्गे बामणोली करून आलो, की जुनीलाही कोणीतरी घेणारा पाहीन. तोवर दर पंधरवड्याला तिच्या साखळीत तेल घालतो.