सातबारावरचा चौऱ्याहत्तर वर्षांचा अज्ञान

तळकोकणातल्या एका चार वाड्यांच्या गावात मी तलाठी आहे. सरकारी कागदावर या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गाव मात्र तलाठीच म्हणते, आणि मी बाई असल्यामुळे समोर आल्यावर ‘मॅडम’. माझा बराचसा वेळ हयात माणसांपेक्षा मयत माणसांच्या कामात जातो. आमच्याकडे माणूस गेला की बारावे-तेरावे होते, वर्षश्राद्ध होते, मुंबईहून सगळे येऊन जातात आणि त्याचे नाव सातबारावर जागच्या जागी राहते.

एप्रिल २०२५ मध्ये राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावायची आणि त्यासाठी आधी चावडी वाचन करायचे, म्हणजे गावासमोर सातबारा वाचून कोण हयात आहे आणि कोण नाही हे विचारायचे, असा क्रम ठरला होता. आमच्या चावडी वाचनाला सात माणसे आली, आणि त्यांतली दोन पाऊस कधी येणार यावर बोलायला आली होती. ज्यांनी सांगायचे ते चाकरमानी तेव्हा डोंबिवली, विरार आणि नालासोपाऱ्यात होते. म्हणून मी मनाशी ठरवले की राहिलेली घराणी गणपतीत धरायची. तेव्हा मूळ घरात सगळी भावकी एका छपराखाली असते आणि आरती झाल्याशिवाय कोणी उठून जात नाही.

२७ ऑगस्टला गणपती बसले आणि २९ तारखेला, शुक्रवारी, मी एका घरी गेले. बोलावणे त्या घरातल्या आबांचे होते. त्यांना कातळाला लागून असलेल्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत वेंगुर्ला-७ काजूची कलमे लावायची होती, त्यासाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचा अर्ज करायचा होता, आणि कृषी खात्यातल्या मुलाने सातबारा पाहून त्यांना माझ्याकडे पाठवले होते. कोकणात या योजनेला दहा गुंठ्यांपासून पुढे क्षेत्र चालते, त्यामुळे जमिनीची अडचण नव्हती. अडचण नावांची होती.

लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, फळापानांनी सजवलेल्या माटवीखाली गणपती, त्याच्यासमोर घोंगडे अंथरलेले आणि त्यावर तीन पिढ्या. मी सातबारा काढून वाचायला सुरुवात केली. खात्यावर चार नावे होती: आबांची आई, दोन थोरले भाऊ आणि स्वतः आबा. आई १९७४ मध्ये गेली. थोरला भाऊ गिरणीत होता, तो १९८७ मध्ये मुंबईत वारला. मधला २०११ मध्ये गेला. तिघांचीही नावे तशीच. चौथे नाव आबांचे, आणि त्याच्यापुढे ‘अ.पा.क. आई’ असा शेरा.

आबांनी कागद हातात घेतला, पंच्याने चष्मा पुसला, कागद हातभर लांब धरून पाहिला आणि विचारले, “ह्या अ.पा.क. म्हणजे काय गो?”

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता; अज्ञान म्हणजे कायद्याने अजून वयात न आलेला. वडील १९५८ मध्ये गेले तेव्हा आबा सात वर्षांचे होते. अज्ञान मुलाचे नाव लावताना त्याच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्याचे नाव सोबत लिहितात, तसे त्यांच्या आईचे लिहिले गेले. मुलगा अठरा वर्षांचा झाला की वयाचा पुरावा देऊन तो शेरा काढून घ्यायचा असतो. तो कोणी काढला नाही. म्हणजे खात्यावरच्या चारांपैकी तिघे मयत होते आणि जो एक हयात होता तो कागदोपत्री अजून अज्ञान होता, आईच्या पालनात, आणि ती आई जाऊन एक्कावन्न वर्षे झाली होती.

“म्हणजे मी आजून अज्ञान? मगे माका मतदान कसा करूक दिल्यानी?” आबा म्हणाले, आणि लोट्यावर जो हशा पिकला तो आत स्वयंपाकघरापर्यंत गेला.

हसण्यासारखे होतेच, पण असा शेरा असलेल्या माणसाला ना कर्ज मिळते, ना जमिनीचा कोणताही व्यवहार सरळ होतो. आमच्या सजात, म्हणजे माझ्याकडच्या हद्दीत, आणखी एका घराण्याचे असेच ‘ए.कु.मॅ.’ या तीन अक्षरांवर अडले आहे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एका भावाचे नाव लागले, बाकीच्यांची लागलीच नाहीत, आणि आता त्या एका भावाची नातवंडे जमीन आपलीच असे प्रामाणिकपणे समजतात. मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात असे जुने शेरे निकाली काढायचे होते, ते बरे झाले.

वारस नोंदीला फार काही लागत नाही, हे मी प्रत्येक घरी सांगते. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, नाते आणि पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र आणि अर्ज. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ मध्ये तसे लिहिलेले आहे. अर्ज आला की नावे वारस नोंदवहीत चढतात, चौकशी होते, फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. लोकांना वाटते, साहेबाला भेटल्याशिवाय होत नाही. होते. उशीर केला की मात्र दर वर्षी ते अधिक किचकट होत जाते. हे सांगताना मी फुशारकी मारत नाही; माझे वडील २०२१ मध्ये गेले, त्यांची वारस नोंद करून घ्यायला आम्हा भावंडांना अकरा महिने लागले, आणि मी याच खात्यात नोकरीला आहे.

उशिराने किचकट होते म्हणजे काय, ते थोरल्या भावाच्या दाखल्यावरून लोट्यावर सगळ्यांनीच पाहिले. गिरणीत नाव नोंदवताना त्यांनी आडनाव गावावरून लावले होते, मृत्यूचा दाखला त्याच नावाने निघाला, आणि सातबारावर घराण्याचे मूळ आडनाव. कागदाच्या दृष्टीने ही दोन माणसे होती. त्यांच्या मुलांपैकी दोघे बापाचे मुंबईचे आडनाव लावतात, तिसऱ्याने आधार कार्ड काढताना मूळ आडनाव लावून घेतले. म्हणजे सख्ख्या तीन भावांची आडनावे दोन. ती एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, गिरणीचे जुने तिकीट, शिधापत्रिका, शाळेचे दाखले असे जुळवत तास गेला. ही जुळवाजुळव १९८८ मध्ये पाच मिनिटांत झाली असती, कारण तेव्हा त्यांची पत्नी हयात होती आणि कोणते कागद कुठल्या ट्रंकेत आहेत हे तिला ठाऊक होते.

वारसांची यादी सांगण्याचे काम थोरल्याचा मुलगा करत होता. तो डोंबिवलीला राहतो, बोलायला स्वच्छ आणि तयारीने आलेला. थोरल्याचे तीन मुलगे, त्यांतला एक मयत, त्याची पत्नी आणि दोन मुले, दोन मुली. मधल्याची पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. शेवटी आबा. बारा नावे झाली. मी विचारले, “आबांना बहीण नाही?”

कोणी बोलेना. बहीण तिथेच बसली होती, लोट्याच्या उंबऱ्याशी, भिंतीला टेकून, तेरड्याची पाने खुडत. सगळे तिला आत्या म्हणतात. आबांपेक्षा तीन वर्षांनी धाकटी, सासर खाडीपलीकडचे. दर गणपतीला ती माहेरी येते.

मी मुद्दाम विचारले होते, कारण येण्यापूर्वी मी तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५८ च्या फेरफाराची नक्कल काढून घेतली होती. बोरूच्या जाड अक्षरात तिच्यात वारस लिहिलेले होते: बायको, तीन मुलगे, आणि खाली ‘मुलगी बायो, वय ४’. मुलीचे नाव तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, न लावता ‘इतर हक्क’ या सदरात टाकले होते. पुढे सातबाराचे पुनर्लेखन झाले तेव्हा ते नाव नवीन पानावर उतरलेच नाही. कोणी खोडले नव्हते. उतरवून घेणाऱ्याच्या हातून राहिले होते.

तेव्हा पुतण्याने पिशवीतून एक स्टँप पेपर काढला. आत्याच्या वतीने त्यावर टाइप केलेले होते, की माझे लग्न झाले असून मला माहेरच्या जमिनीत कोणताही हक्क नको आहे. खाली अंगठ्यासाठी जागा सोडली होती. तो मला म्हणाला, “मॅडम, तिचं तसं काही म्हणणंच नाहीये. नाव उगाच लावून कशाला घोळ वाढवायचा? उद्या तिची मुलं दारात येतील.”

मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही. असा कागद मला दर महिन्याला कोणी ना कोणी दाखवतो, आणि दाखवणारा बहुतेक वेळा आपण सगळ्यांची सोय करतो आहोत असेच समजत असतो. पण त्या कागदाने काही होत नाही. हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते आणि ते फक्त सहहिस्सेदाराच्याच लाभात करता येते. शिवाय ज्या बाईचे नाव कागदावरच नाही ती सोडणार काय? वारसाच्या प्रतिज्ञापत्रात बहीण लपवणे म्हणजे खोटे प्रतिज्ञापत्र करणे. त्याची झळ त्याला लागेल, मला लागेल, आणि वीस वर्षांनी फेरफार रद्द झाला तर त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काजूलाही लागेल. वडील १९५६ चा वारसा कायदा आल्यानंतर गेले असल्याने मुलगी त्यांच्या हिश्श्याची वारस होतीच. २००५ ची दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी तर मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीला आणून ठेवला आहे. तिचा वाटा नेमका किती हा वाटपाच्या वेळचा प्रश्न. तो तलाठी ठरवत नाही. तलाठ्याने वारस सगळे लिहायचे, इतकेच.

हे सारे मी पुतण्याकडे पाहून बोलत होते. उत्तर उंबऱ्याकडून आले.

“मी सोडलंय असा कोणी सांगल्यान? माका कोणी विचारूकच नाय.” आत्याने पाने सुपात टाकली. “नाव घाला, बाय. सोडूचा काय ठेवूचा ता मी माज्या हातान ठरवतलंय.”

नंतर थोडे थांबून तिने विचारले, नाव घातल्यावर घरपट्टी तिला भरावी लागेल काय. मी म्हटले, घरपट्टी ग्रामपंचायतीची, तिचा सातबाराशी संबंध नाही. शेतसारा म्हणाल तर तो काही रुपयांत असतो. तिला ते पटले. पुतण्याने स्टँप पेपर घडी घालून पिशवीत ठेवला. आबा सगळा वेळ गप्प होते. आरतीची वेळ झाली तेव्हा त्यांनी टाळ काढून पहिला तिच्या हातात दिला. तो तेवढ्यासाठीच दिला की दरवर्षी देतात, हे मला सांगता येणार नाही.

आत्याची ओळख पटवणे बाकी होते. फेरफारात ‘बायो’, लग्नानंतर सासरी पाटावरचे नाव वेगळे, आधार कार्डावर तेच. सुदैवाने गावच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर शाबूत आहे. मुख्याध्यापकांनी सुट्टी असूनही शाळा उघडली. एकाच रजिस्टरात आबांची जन्मतारीख सापडली आणि सहा पाने पुढे ‘बायो’, वडिलांचे नाव, आणि शेवटच्या रकान्यात ‘तिसरीतून शाळा सोडली, कारण घरकाम’. एका रजिस्टराने भाऊ सज्ञान झाला आणि बहीण सापडली. तिचे राहिलेले नाव ही लेखनातली चूक असल्याने कलम १५५ खाली दुरुस्तीचा प्रस्ताव तहसीलदारांकडे जाणार होता, बाकीचे अर्ज मी तिथेच भरून घेतले. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर, २ सप्टेंबरच्या रात्री, निम्मे घर कणकवली स्टेशनवर असणार होते. जे करायचे ते चार दिवसांत.

त्या घरात एवढी घाई मी का केली, त्याला एक कारण आहे. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतला एक तरुण वहाळ ओलांडताना वाहून गेला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अशा मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात, पण शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून सातबारा लागतो. त्याच्या घरच्या सातबारावर त्याचे नाव नव्हते, त्याच्या वडिलांचेही नव्हते. आजोबांचे होते, आणि आजोबा जाऊन तीस वर्षे झाली होती. अर्जाला मुदत तीस दिवसांची. त्याची बायको कडेवर मूल घेऊन माझ्या कार्यालयाच्या पायरीवर बसली होती आणि मी तिला दोन पिढ्यांचे मृत्यूचे दाखले आणायला सांगत होते.

आबांच्या घरचे फेरफार ऑक्टोबरात प्रमाणित झाले. अ.पा.क. चा शेरा गेला. आबा नवीन सातबारा न्यायला आले तेव्हा “आता मी वयात इलंय” असे कोतवालाला सांगून गेले. चार नावांची तेरा झाली, जमीन होती तेवढीच राहिली, एक हेक्टर बेचाळीस आर.

खाते सामाईक असल्याने काजूच्या अर्जाला आता तेराही जणांचे संमतीपत्र लागते. दिवाळीत आत्या खाडीपलीकडून आली आणि संमतीपत्रावर पहिली सही तिने केली, तिसरीच्या वर्गातल्या सुट्या अक्षरांत. हक्कसोडपत्राचे तिने काढले नाही, आणि पुतण्यानेही नाही. आजपर्यंत बारा सह्या झाल्या आहेत. तेरावा, मधल्याचा धाकटा मुलगा, मालवाहू जहाजावर आहे आणि तो मार्चमध्ये उतरेल असे त्याची आई म्हणते. कलमे लावायची ती जूनमध्ये, तेव्हा अजून वेळ आहे. खड्डे आबांनी आत्ताच मारून ठेवले आहेत.