पोरसाच्या पायाखालची माती

एप्रिलची दुपार. सोलापुरात या वेळी शहाणा माणूस पडदे ओढून पडलेला असतो. मी गॅलरीत बसून चहाच्या गाळणीनं माती चाळत होतो. गाळणी जुनी आहे, असं माझं म्हणणं. घरात त्यावर मतभेद आहेत.

माती सिकंदराशी लढलेल्या पोरस राजाच्या सैन्यासाठी. करंगळीच्या पेरात मावतील अशी पंधरा मिलिमीटरवाली धातूची माणसं, रंगवून दोन वर्षं झाली. धोतरांच्या किनारीसुद्धा काढल्या. अडलंय ते बेसवर, म्हणजे ही माणसं ज्या पट्टीवर चिकटवायची, तिच्यावरच्या जमिनीवर. ज्यांना हा नाद आहे त्यांना वेगळं सांगायला नको: बेस करणं म्हणजे घर बांधून झाल्यावरची कंपाउंडची भिंत. तोवर हौस आणि पैसे दोन्ही संपलेले असतात.

डीबीए म्हणजे अशा छोट्या सैन्यांनी टेबलावर प्राचीन लढाया खेळायचा खेळ, त्याच्या नियमांत हिशोब तसा सोपा. तुकड्या बारा, प्रत्येकीची रुंदी ४० मिलिमीटर. भालेवाले चौघं १५ मिलिमीटर खोलीच्या पट्टीवर खांद्याला खांदा लावून, घोडेस्वार तिघं ३० च्या, आणि हत्तीला ४० बाय ४० चा अख्खा चौक. आजोबांचा माग होता. ते असते तर एवढंच म्हणाले असते, पन्ना एकच, लांबी निराळी.

माझं खरं भांडण त्या विकतच्या गवताशी आहे. पाकिटातलं हिरवंगार, पोपटी गवत. कार्थेजवाले त्यावरच उभे, इराणी त्यावरच, मिसरी त्यावरच. जणू प्राचीन काळची प्रत्येक लढाई लॉर्ड्सवर झाली!

पोरसाला तर हे अजिबातच शोभत नाही. इ. स. पू. ३२६, झेलमचा काठ, रात्रभर वादळी पाऊस. सिकंदराचा इतिहास लिहिणारा एरियन लिहितो की पोरसानं चिखल टाळून वाळूची, सपाट, टणक जागा बघून सैन्य उभं केलं. दुसरा इतिहासकार कर्टियस, त्याच्या सांगण्यात रथ चिखलात रुतले. आणि आपले तिरंदाज! धनुष्य माणसाएवढं. खालचं टोक जमिनीवर टेकवायचं, डाव्या पायानं रेटायचं, मग दोरी ओढायची. जमीनच निसरडी झाल्यावर टेकवणार कुठे? एवढं सगळं ज्या जमिनीवरून झालं, तिथे मी पाकिटातलं गवत चिकटवू?

म्हणून ही शेतातली काळी माती. झेलमकाठची माती काळी नसणार हे मलाही कळतं. पण घरात हीच होती. वाळू मिसळली की झालं. फेविकॉल पातळ करून पुठ्ठ्याला फासलं, तर या उन्हात दहा मिनिटांत पुठ्ठ्याचा पापड झाला. चार भालेवाले आकाशाकडे बघू लागले. मित्र आला होता, तो म्हणाला, "काय बे, या वयात मातीत खेळतोस?"

या वयात काय, त्याही वयात तेच करत होतो. दिवाळीच्या किल्ल्याला बेसची कटकट नसायची, कारण तिथे आधी जमीन व्हायची आणि मग सैन्य यायचं. गंमत म्हणजे आमच्या गावचा किल्ला भुईकोट, सिद्धेश्वर तळ्याकाठी, सपाटीवर. आम्ही डोंगर धड पाहिलेला नव्हता. तरी गल्लीत एकही पोरगं भुईकोट बांधायचं नाही. प्रत्येकाच्या अंगणात रायगड. विटांचे तुकडे, त्यावर ओलं पोतं, पोत्यावर थापलेली काळी माती, आणि वर हळीव पेरलेले. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारपर्यंत रायगडाला बोट जाईल एवढ्या भेगा. तांब्यानं पाणी ओतलं तर महादरवाजा वाहून जायचा, म्हणून ओंजळीतून शिंपडायचं. आजी ओट्यावरून ओरडायची, "अरे, मावळ्यांना तहान लागली की!" चार दिवसांत हळीव उगवायचे आणि मावळे कमरेपर्यंत हिरव्यात बुडायचे. त्या हिरव्याचा मला तेव्हा राग आला नव्हता, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. असो. महाराज बुरुजापेक्षा उंच, वाघ आणि तोफ एकाच मापाची. मिलिमीटर कुणी मोजले नाहीत.

वाळूचा डबा शोधायला माळा उपसला, तर एका खोक्यात त्यातलाच एक मावळा निघाला. भाला तुटलेला, ढालीचा रंग उडालेला. पायाखालचा मातीचा गोळा मात्र शाबूत. कुंभारानं माणूस आणि जमीन एकाच गोळ्यातून काढली होती, वेगळं काही चिकटवलंच नव्हतं. त्याला पोरसाच्या हत्तींशेजारी उभं केलं. हत्ती त्याच्या मांडीला लागतात.

साडेचार वाजत आले. आत कुणीतरी चहाचं आधण ठेवलंय. गाळणी धुवायला हवी.