हद्दीचं काम नकाशावर सोपवलं तेव्हा

पुण्यातल्या एका समुपदेशन केंद्रात मी घरगुती हिंसाचाराच्या केसेस बघते. बाई पहिल्यांदा आली की नोंदणी फॉर्म भरायचा आणि तिला पुढे कुठे पाठवायचं ते ठरवायचं: संरक्षण अधिकारी (घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी), पोलीस ठाणं, विधी सेवा (मोफत कायदेशीर मदत) की सखी केंद्र (सगळी मदत एकाच ठिकाणी देणारं सरकारी केंद्र). यात सगळ्यात जास्त दमछाक व्हायची ती 'आमच्या हद्दीत येत नाही' या उत्तरापायी. मार खाऊन, कडेवर लेकरू घेऊन आलेल्या बाईला दोन ठिकाणांहून परत पाठवलं की तिसरीकडे ती जातच नाही.

शहराच्या कडेला हा गोंधळ फार. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. मधेच २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं. तालुका, प्रभाग आणि ठाणं, तिन्हींच्या रेषा वेगळ्या.

आम्ही क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर घेतलं. ते मोफत आहे, आणि मुख्य म्हणजे सगळी माहिती आमच्याच संगणकावर राहते. ठाण्यांच्या हद्दींचा तयार थर, म्हणजे नकाशावर चढवायची माहिती, हाती नव्हता. गावांच्या, रस्त्यांच्या याद्या मिळवून, विचारून विचारून तो आखला. हेच खरं काम. बाकी सॉफ्टवेअर शिकणं त्यामानाने सोपं गेलं. नकाशावर बिंदू टाकला की त्यातलं 'जॉईन अॅट्रिब्यूट्स बाय लोकेशन' हे साधन त्या जागेचं ठाणं आणि तालुका फॉर्मच्या ओळीत आणून ठेवतं.

पण बिंदू कुठे टाकायचा? 'मारुती मंदिरामागे, पाण्याच्या टाकीजवळ' असा पत्ता कुठलाही नकाशा शोधून देत नाही. म्हणून बाईच्या शेजारी बसून, खुणा विचारत, गुगल मॅपवर जागा पक्की करतो आणि त्या जागेचा प्लस कोड, म्हणजे पत्त्याऐवजी वापरायचा अक्षर-अंकांचा छोटा कोड, उतरवतो. पूर्ण कोड साधारण १४ मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो. हद्द कळली की शेवटची दोन अक्षरं काढून टाकतो. मग उरतो तो सुमारे २७५ मीटरचा चौकोन. तिचं घर कुणाच्या पडद्यावर दिसता कामा नये. निवारागृहं तर नकाशावर घेतलेलीच नाहीत.

प्रत्येक केसला आम्ही दोन बिंदू ठेवतो, एक सासरचा आणि एक ती आज जिथे राहते तिथला. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचं कलम २७ सांगतं की ती तात्पुरती राहत असेल त्या ठिकाणच्या न्यायालयातही अर्ज करता येतो. हडपसरला बहिणीकडे आलेल्या बाईने सासरच्या तालुक्यात खेटे का घालावेत? दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असेल तर फिर्याद कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची आहे, हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. तेही आम्ही रेफरलच्या चिठ्ठीवर छापून देतो.

जवळचं केंद्र निवडताना सरळ रेषेतल्या अंतरावर विसंबत नाही. मधे नदी किंवा रेल्वेलाइन आली की दोन बस बदलाव्या लागतात, आणि तिच्याकडे बसभाड्यापुरतेही पैसे असतीलच असं नाही. थेट बस कुठली, हा रकाना म्हणूनच हाताने भरतो.

२०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची महापालिकेतून बाहेर पडली, वेगळी नगरपरिषद झाली. तेव्हापासून प्रत्येक थराच्या नावात तारीख घालतो. जुना थर पुसत नाही. आधी दाखल झालेल्या केसचा पाठपुरावा जिथे ती दाखल आहे तिथेच करावा लागतो.