सासूबाईंचा वणवा

१२ मे २०२४, रविवार

शुक्रवारी अक्षय्य तृतीयेचा आमरस झाला आणि रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं ताई आई-अण्णांना घेऊन मुंबईला गेली. आज पहाटे विमानात बसले. ताई म्हणजे माझी थोरली नणंद, कॅनडात कॅलगरीला असते. मे-जूनमध्ये गुरू-शुक्राचा अस्त, मुहूर्त नाहीत, म्हणून चुलतदिराचं लग्न बार्शीला एप्रिलमध्येच उरकलं. मुलांची शाळा बुडवता येईना म्हणून ताई लग्नाला एकटीच आली आणि जाताना आई-वडिलांना, म्हणजे माझ्या सासू-सासऱ्यांना, घेऊन गेली. अण्णांचं जाणं-न-जाणं आठवडाभर चाललं होतं. सासूबाईंची अट एकच होती, ७ तारखेचं मतदान झाल्याशिवाय निघायचं नाही. ४३-४४ डिग्रीच्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, रांगेत उभ्या राहून बोटाला शाई लावून आल्या आणि मगच बॅग उघडली.

बॅगेत शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, आणि जावयाच्या मित्रांना द्यायला सोलापुरी चादरी. वजन जास्त भरलं म्हणून ताई चादरी काढायला लागली तर सासूबाईंनी स्वतःची दोन पातळं काढून ठेवली. चादरी गेल्या.

१८ जुलै, गुरुवार

काल आषाढी झाली. आज पाहुणे हलले, आता बसायला मिळालं.

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी सोलापुरातून पंढरपूरला जाते. आमच्या गल्लीत वारकऱ्यांना चहा-उपीट असतं आणि त्याचा कारभार सासूबाईंकडे. यंदा तो माझ्या गळ्यात. एवढं करून भागत नाही, कारण पालखीच्या निमित्तानं नातलगही येतात. परभणीच्या मावशी, त्यांच्या दोन जावा, लातूरचे मामा, मामांसोबत त्यांच्या ओळखीचे कुणी एक गृहस्थ, जे कुणाचेच नीट नातलग निघाले नाहीत पण दोन दिवस राहिले.

माणसांचं काही वाटत नाही. पाण्याचं वाटतं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कधी मध्यरात्री. या उन्हाळ्यात उजनी पार वजा पातळीत गेली. मे महिन्यात नवरा आणि धाकटा धरणात बुडालेलं पळसदेवचं मंदिर बघून आले. ते उघडं पडलं की लोक जत्रेसारखे जातात. मला त्यात बघण्यासारखं काय ते कळत नाही. ते दिसतं म्हणजे आपल्या घशाला कोरड पडणार, एवढंच. पाहुणा दारात आला की 'या या' म्हणता म्हणता माझी नजर बॅरलकडे जाते, आणि हे मावशींना कळतं, म्हणून त्या बिचाऱ्या तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय सगळं उरकतात.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर पालखी दाखवली. त्यांनी तिथूनच हात जोडले आणि मग विचारलं, "उपीट कोरडं झालंय का गं? दिसालालंय तसं."

शनिवारी ते सगळे जॅस्परला जाणार आहेत, तिकडच्या राष्ट्रीय उद्यानातलं गाव. डोंगर, तळी, अस्वलं. अण्णांना अस्वल बघायचंय.

२३ जुलै, मंगळवार, रात्री

आजचं लिहून ठेवते, झोप येणार नाहीच.

नवरा कर सल्लागार आहे, त्यामुळे बजेटच्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून सण असतो. पावणेदहाला टीव्ही लावून बसला होता तेवढ्यात ताईचा फोन. तिकडे रात्रीचे सव्वादहा. "आम्ही निघालोय. वणवा लागलाय, गाव खाली करायला सांगितलंय. आई-अण्णा गाडीत आहेत, घाबरू नका." मागे गाडीचं दार लागल्याचा आवाज, आणि फोन बंद.

घाबरू नका म्हटलं की माणूस नक्की काय करतो हे ज्यानं हा शब्दप्रयोग काढला त्यानं बघायला हवं होतं.

धाकट्यानं मोबाईलवर नकाशा काढला. जॅस्परमधून बाहेर पडायला रस्ते तीन. पूर्वेला हिंटनकडे, दक्षिणेला बर्फाच्या डोंगरांतून लेक लुईसकडे, पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात. गावाच्या दोन्ही अंगांना आग, त्यामुळे पूर्वेचा आणि दक्षिणेचा रस्ता बंद. उरला पश्चिमेचा. गावात राहणारे पाचेक हजार, पण जुलै हा तिकडचा हंगाम, आणि राष्ट्रीय उद्यानातले पर्यटक धरून सुमारे २५,००० माणसं. ती सगळी एका रस्त्यानं, रात्री, धुरातून. बाहेर पडायला पाच तास दिलेत असं बातमीत होतं.

अकराला बजेट सुरू झालं. आवाज बंद ठेवला. नवरा एकीकडे फोन लावत होता, दुसरीकडे अशिलांचे फोन कापत होता. खाली पट्टी सरकत होती, सोन्यावरचं सीमाशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्के. बार्शीच्या काकूंनी एप्रिलमध्ये चढ्या भावानं सोनं घेतलंय. तेवढ्यात त्यांचाच फोन. मला वाटलं सोन्याबद्दल असेल. पण त्या म्हणाल्या, "जाऊबाई कुठपर्यंत पोचल्या?" कुणी सांगितलं त्यांना, देव जाणे. दुपारी बारापर्यंत परभणी, लातूर, बार्शी, सगळीकडे पोचलं होतं. मामांसोबत आलेल्या त्या गृहस्थांचाही फोन आला. मी त्यांच्याबद्दल वर लिहिलंय ते खोडत नाही, पण फोन आला हे लिहून ठेवते.

चारच्या सुमारास ताई पुन्हा लागली. व्हेलमाउंट नावाच्या छोट्या गावात, जॅस्परपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, मैदानात गाड्या लावून लोक बसलेत. एवढ्या अंतराला निम्मी रात्र गेली. तिनं फोन सासूबाईंना दिला. मी म्हटलं, "आई, बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय. तू काय करालालीस? पाणी आलं का?"

आणि मग माझा जो बांध फुटला तो फुटलाच.

२४ जुलै, बुधवार

आले होते त्या रस्त्यानं परत जाता येत नाही म्हणून कॅमलूप्सवरून वळसा घालून कॅलगरीला निघालेत. एरवी जॅस्पर ते कॅलगरी चारशे किलोमीटर, आता हजाराच्या वर. दाजी आणि ताई आलटून पालटून गाडी चालवतात. पाणी आज आलं.

२५ जुलै, गुरुवार

पहाटे साडेपाचला फोन वाजला तेव्हा मला कॅनडाच वाटलं. भाऊ होता, पुण्याहून.

भावाचं घर सिंहगड रस्त्याला, नदीच्या बाजूला, तळमजल्यावर. माझी आई त्याच्याकडे असते. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलेलं. पाणी पार्किंगमध्ये आलं, मग पायरीवर, मग घरात. आईचे गुडघे गेलेत. तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून भाऊ, वहिनी आणि वरच्या मजल्यावरची दोन मुलं अशा चौघांनी वर नेलं. गाडी गेली. फ्रिज, कपाटाचा खालचा कप्पा, बाबांच्या फोटोंचा अल्बम, सगळं गेलं. एकतानगरीत लष्कर बोलवावं लागलं हे नंतर टीव्हीवर पाहिलं.

"कुणी सांगितलं नाही का रे आधी?" मी विचारलं.

"वॉचमननं दार बडवलं. तोच."

नऊ-दहाच्या सुमारास जॅस्परची बातमी आली. वाऱ्यानं दक्षिणेकडची आग ढकलली आणि ती गावात शिरली. तिकडे बुधवारची संध्याकाळ, म्हणजे इथे साधारण भावाच्या घरात पाणी शिरत होतं तीच वेळ. काही ठिकाणी ज्वाळा शंभर मीटर उंच होत्या असं सांगतात. आमची माणसं तोवर कॅलगरीच्या घरी पोचून वरण-भात खात होती.

दिवसभर डोक्यात एकच चाललंय. तिकडे इशारा आला, सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले आणि पाच तास हातात मिळाले. आग गावात शिरली ती दोन दिवसांनी, तेव्हा गावात विझवणाऱ्यांशिवाय फारसं कुणी नव्हतंच. इकडे पायरी ओली झाल्यावर कळलं. मला कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत, म्हणजे द्यायच्या आहेत, पण त्यानं अल्बम परत येत नाही. वॉचमनचं नावसुद्धा भावाला माहीत नव्हतं, आज विचारून घेतलं म्हणाला.

आणि हेही लिहिते, कारण घरात मोठ्यानं बोलता येत नाही. पुण्याचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून आमच्या उजनीत येतं. गल्लीत आज लोक खूश होते. शेजारच्या काकूंनी मला पेढा दिला, "आता उजनी भरणार." मी घेतला. खाल्लाही.

४ ऑगस्ट, रविवार

उजनी भरत आली. आता ते नदीत पाणी सोडतील आणि पंढरपूरचे लोक घाबरतील. आमचं कधी मधलं असं काही नसतं.

आज सासूबाई निवांत बोलल्या, तासभर. अण्णा मागून दुरुस्त्या करत होते. त्यांना अस्वल दिसलं नाही याचंच दुःख जास्त.

सोमवारी दिवसा सगळं ठीक होतं. मलीन लेकवर जाऊन आले. सासूबाईंना डोंगरावरची कितीतरी झाडं लालसर-करडी दिसली. त्यांना वाटलं, इकडं जुलैत पानगळ असते काय. दाजींनी सांगितलं की ती मेलेली झाडं आहेत. तांदळाच्या दाण्याएवढा एक किडा पाईनची साल पोखरतो. पूर्वी कडाक्याच्या थंडीत तो मरायचा, आता थंडी तेवढी पडत नाही. शिवाय शंभर वर्षं तिथे लागेल ती आग विझवत आले, त्यामुळे जंगल दाट झालं आणि वाळलेलं सरपण साठत गेलं. त्यात यंदा जुलैत उकाडा, आणि पावसाविना नुसत्या विजा पडल्या. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गंजी रचून ठेवलेलीच होती की."

आम्हा सोलापूरकरांना जंगल म्हणजे नान्नजचं माळरान, माळढोक दिसला तर दिसला. वणव्याचं आम्हाला काय कळणार. पण सासूबाईंचं माहेर अकलूजकडचं, बागायती. त्यांनी लहानपणी उभा ऊस पेटलेला पाहिलाय. गाडीत बसताना त्यांना लांबून एक आवाज आला, पेटलेल्या उसाचा येतो तसा तडतडणारा, पण कितीतरी मोठा. ताई म्हणते तिला काही ऐकू आलं नाही. असेल वाऱ्याचा. सासूबाई ठाम आहेत.

हॉटेलात रात्री रिसेप्शनवर एक पंजाबी मुलगी होती, विशी-बाविशीची. फोन किंचाळले तरी काही म्हातारी माणसं झोपलेलीच होती. ती मुलगी खोल्याखोल्यांवर जाऊन दारं बडवत होती. सासूबाईंना हिंदीत म्हणाली, "अम्माजी, बस पर्स और दवाई।" यांनी पर्स घेतली, अण्णांच्या गोळ्या घेतल्या, आणि चादरी घेतल्या. बाल्कनीत वाळत घातलेलं निळं पातळ राहिलं. व्हेलमाउंटला पहाटे थंडी पडली तेव्हा चादरी उघडल्या. एक यांनी पांघरली, एक शेजारच्या गाडीतल्या जर्मन जोडप्याला दिली. ती परत आली नाही. "धुवून पाठवतील," अण्णा मागून म्हणाले, पण कुठे पाठवणार, पत्ता कुणी दिला!

रांगेत एकही हॉर्न वाजला नाही, हे मात्र त्यांनी तीनदा सांगितलं. एवढ्या गाड्या, एवढा धूर, आणि हॉर्न नाही. कुणी उलट्या बाजूनं घुसलं नाही. आमच्या सात रस्त्याला सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागचा बोंब मारतो.

ते हॉटेल जळालं. गावातल्या १,११३ इमारतींपैकी ३५८ गेल्या, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. शंभरेक वर्षं जुनं एक दगडी चर्चही गेलं. सासूबाईंनी पातळाचं नाव काढलं नाही. त्या पोरीचं काढलं. "तिची खोली त्याच हॉटेलात असंल की. तिचे कागद, पासपोर्ट, सगळं वर असंल. ती दारं बडवत होती, तिचं दार कुणी बडवलं?"

ताईनं हॉटेलला मेल केलाय. उत्तर नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

काल जॅस्परच्या लोकांना गावात जायला परवानगी मिळाली. ज्यांची घरं राहिलीत ते घरी, बाकीचे राखेत काही सापडतं का बघायला. आणि ताईला मेलचं उत्तर आलं, दोन ओळींचं. कर्मचारी सगळे सुखरूप आहेत, एडमंटनला त्यांची सोय केली आहे. मुलीचं नाव त्यात नाही, पण 'सगळे' म्हणजे ती आलीच, असं सासूबाईंनी धरून चाललंय. मीही धरलंय.

आई-अण्णा गणपतीच्या आधी येतायत. गणपती ७ सप्टेंबरला. सासूबाईंचं म्हणणं, यंदा माझ्या आईनंही सोलापूरला यावं, थोडे दिवस राहावं. पुण्यात भावाच्या घराला अजून ओल आहे, भिंतींचा वास जात नाही, आईला खोकला लागलाय. मी पंधरा दिवस सांगतेय, भाऊ सांगतोय. आई हलायला तयार नाही. लेकीच्या सासरी कसं राहायचं, घर असं टाकून कसं यायचं, गादी अजून वाळायचीय.

आज सकाळी सासूबाईंनी कॅलगरीहून थेट आईला फोन लावला. काय बोलल्या ते आईनं मला जसंच्या तसं सांगितलं, जरा रागावूनच.

"विहीणबाई, मी पेटलेलं गाव सोडून आले पर्स आणि गोळ्या घेऊन. तुमच्यानं एक ओली गादी सुटंना?"

आई मंगळवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय.