प्रतिपक्षात झाडे

गोल्फ न खेळणाऱ्यांना हा खेळ म्हणजे हिरवळीवर फिरण्याचा एक महागडा बहाणा वाटतो, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे म्हणवत नाही. काठी मागे नेऊन चेंडूवर आणेपर्यंत जेमतेम दीड सेकंद लागतो. माझ्यासारखा हौशी माणूस अठरा होलांच्या, म्हणजे दर वेळी चेंडू एका खळग्यात घालायच्या अठरा टप्प्यांच्या, डावात नव्वदच्या पुढेमागे फटके मारतो, म्हणजे साडेचार तासांत प्रत्यक्ष खेळणे दोन-सव्वादोन मिनिटांचेच होते. उरलेला सगळा वेळ चालण्यात, थांबण्यात आणि पाहण्यात जातो. त्यामुळे चालायचे कोठे आणि पाहायचे काय, हा प्रश्न या खेळात गौण राहत नाही. नोकरीनिमित्त दिल्लीत राहत असल्याने, एका सभासद मित्राच्या कृपेने, मला अधूनमधून दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी मैदानावर पाहुणा म्हणून खेळायला मिळते आणि या प्रश्नाचे इतके घसघशीत उत्तर मला दुसऱ्या कोणत्याही मैदानाने दिलेले नाही.

गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या समुद्रकाठी. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर झाड असे नसतेच. खेळाडूची झुंज वाऱ्याशी आणि उंचसखल जमिनीशी असते. खेळ समुद्र सोडून आत सरकला तेव्हा जुन्या जमीनदारांच्या वृक्षराजीत नवी मैदाने आखली गेली आणि वाऱ्याची जागा झाडांनी घेतली. लोधी मैदान या दुसऱ्या कुळातले, पण त्या कुळातही जरा दांडगे. विलायतेतल्या उद्यानवजा मैदानांवर झाडे सुटी, ऐसपैस उभी असतात आणि त्यांच्याखाली गवत कापलेले असते. येथे दोन्ही बाजूंना बाभळी, कडुलिंब आणि त्यांच्या पायाशी काटेरी झुडपांची अशी दाट जाळी आहे, की जंगलातून हिरवे पट्टे कापून काढले असावेत असे वाटते. पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकणारे ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांनी १९७०च्या दशकात या मैदानाची फेररचना केली आणि २०१९मध्ये गॅरी प्लेअर यांच्या संस्थेने हिरवळी, म्हणजे होलांभोवतीचे बारीक कापलेल्या गवताचे तुकडे, नव्याने घडवल्या. एवढ्या मोठ्या खेळाडूंचा हात फिरूनही फेअरवे, म्हणजे झाडीतले ते हिरवे पट्टे, अरुंद ते अरुंदच आहेत, आणि ते तसेच राहावेत असे माझे मत आहे, जरी ते माझ्या स्कोअरकार्डाच्या हिताचे नसले तरी.

या अरुंदपणामुळे एक गंमत होते. पिशवीत नियमाप्रमाणे चौदा काठ्या नेता येतात, त्यांतली सर्वांत लांब आणि सर्वांत देखणी काठी म्हणजे ड्रायव्हर. ती हवेत फिरवण्यात जो आनंद आहे, त्यासाठीच निम्मे लोक हा खेळ शिकतात. लोधी मैदानावर मात्र जाणते खेळाडू, अगदी व्यावसायिकसुद्धा, बहुतेक होलांवर ती पिशवीतच ठेवतात आणि आखूड काठीने कमी अंतराचा पण सरळ फटका मारतात. मी एकदा तिच्याकडे हात नेला तेव्हा कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारा आणि सल्ला देणारा मदतनीस, अत्यंत अदबीने म्हणाला, "साहब, जंगल में गेंद ढूँढने का शौक हो, तो ज़रूर निकालिए।" शोधायला नियमाने तीन मिनिटे मिळतात, त्या जाळीत तीन तास दिले तरी चेंडू सापडेलच असे नाही.

झाड हा येथे प्रतिपक्ष आहे आणि नेमके त्यामुळेच ते नीट पाहिले जाते. बागेत फेरफटका मारणाऱ्याला कडुलिंब दिसतो तो एक हिरवा ढीग म्हणून. त्याच कडुलिंबामागे चेंडू अडकला, की त्याची सर्वांत खालची फांदी जमिनीपासून किती उंच आहे, ती कोणत्या बाजूला झुकली आहे, दोन फांद्यांमधली फट दिसायला रुंद असली तरी तिच्यात एखादी बारीक डहाळी आडवी गेली आहे का, हे सगळे वाकून, उकिडवे बसून पाहावे लागते. हे पाहणे रसिकाचे नव्हे, निव्वळ स्वार्थाचे असते. पण इतक्या बारकाईने मी तरी दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने झाडाकडे पाहिलेले नाही. खेळाच्या नियमांनीही झाडाची बाजू मोठ्या न्यायाने घेतली आहे. चेंडूभोवती पडलेली वाळकी पाने, काटक्या, गळालेली फळे उचलून बाजूला करता येतात, मात्र चेंडू हलता कामा नये. जे जमिनीत रुजलेले किंवा झाडाला लागलेले आहे, ते मात्र वाट मोकळी करण्यासाठी तोडता येत नाही, वाकवता येत नाही, पायाखाली दाबून ठेवताही येत नाही. मार्चमध्ये कडुलिंबाची पानगळ सुरू झाली, की पिवळ्या पानांच्या सड्यातून एकेक पान दोन बोटांनी उचलणारी मोठमोठ्या हुद्द्यांची माणसे येथे पाहायला मिळतात, आणि हे दृश्य मला त्यांच्या कोणत्याही भाषणापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

मोरांना हे नियम लागू नाहीत. ते फेअरवेवर हव्या त्या वेळी येतात, हवे तितके थांबतात आणि तोवर चौघांचा गट काठ्यांवर रेलून गुमान उभा राहतो. मोराने थांबलेला चेंडू हलवला, तर तो दंडाविना मूळ जागी ठेवायचा असतो. ही तरतूद इतर मैदानांवर कुत्र्यामांजरांसाठी कामास येत असेल, पण येथे ती खास मोरांसाठी लिहिली असावी असे वाटते.

झाडांइतक्याच येथे कबरी आहेत, असे कोणी म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण मुघलकालीन घुमट आणि पडक्या भिंती मैदानात जागोजागी आहेत आणि चेंडूच्या रोखाने मान वर केली, की एखादा घुमट झाडीतून डोके काढतोच. क्लबच्या आवारात तांबड्या दगडाचा लाल बंगला आहे. बादशाह दुसरा शाह आलम याच्या आईची, लाल कुंवरची, कबर त्यात असल्याचे परंपरेने मानले जाते. मराठी माणसाला येथे क्षणभर थबकणे भाग आहे. वर्षानुवर्षे अलाहाबादेत इंग्रजांच्या छायेत राहिलेल्या याच शाह आलमला महादजी शिंद्यांनी जानेवारी १७७२मध्ये, म्हणजे पानिपताला पुरती अकरा वर्षे होत असताना, दिल्लीत आणून पुन्हा गादीवर बसवले. माझ्या बरोबरच्या मंडळींना हे मी सांगितले, तेव्हा त्यांनी सौजन्याने मान डोलावली आणि पुढच्या होलाचे अंतर विचारले. त्यांचा दोष नाही. त्या जागी उभे राहून महादजी आठवावेत, अशी खूण तेथे कोणतीही नाही.

राजधानीच्या ऐन मध्यात, सरकारी मालकीची एवढी जमीन इतक्या थोड्या लोकांच्या खेळासाठी राखून ठेवावी का, असा प्रश्न वेळोवेळी विचारला जातो आणि तो रास्तच आहे. सभासदत्वासाठी लोक अनेक दशके ताटकळतात. शेजारच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारोंना भिंतीपलीकडे काय आहे याचा पत्ताही नसतो. एवढी झाडे आणि पाखरे खेळामुळेच टिकली, हे सभासदांचे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही, कारण थोड्याच अंतरावरच्या लोधी उद्यानातही झाडे, पाखरे आणि घुमट आहेत आणि तेथे कोणालाही फुकट जाता येते. पाहुणा म्हणून खेळणाऱ्याने हा प्रश्न फार मोठ्याने विचारणे शोभत नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो.

शिवाय या मैदानाची खरी माहिती सभासदांपाशी नसून कॅडींपाशी आहे. १९९१मध्ये इंडियन ओपन ही भारताची खुली गोल्फ स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर याच क्लबात कॅडी होता, हे कळल्यापासून मी कॅडीचे म्हणणे सहसा मोडत नाही. पुढे २०१५मध्ये याच मैदानावर, पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिडीने शेवटच्या दिवशी सात फटक्यांची पिछाडी भरून काढून तीच स्पर्धा जिंकली. हरवले कोणाला, तर कोलकात्याच्या मैदानावर हिरवळीची निगा राखणाऱ्याच्या मुलाला, एस. एस. पी. चौरसियाला. चौरसियाने पुढच्याच वर्षी येथे ती जिंकून उट्टे काढले.

हिरवळीवर कॅडीची भाषा ऐकण्यासारखी असते. होलाचा व्यास १०८ मिलिमीटर, आणि तेवढे अंतर म्हणजे 'एक कप'. चेंडू सरळ होलाकडे न मारता किती बाजूला मारायचा, हे तो कपांत सांगतो: दीड कप उजवीकडे, अर्धा कप डावीकडे. मला सपाट दिसणाऱ्या जागी तो चढ पाहतो. सकाळी दव झाडण्यापूर्वी खेळायला मिळाले, तर चेंडू ओल्या हिरवळीवर आपल्यामागे गडद रेघ ओढत जातो, आणि कॅडीने सांगितलेले वळण मागाहून जमिनीवर उमटलेले दिसते. मग मी 'वाहवा' म्हणतो, तो 'दो कप बोला था, साहब' म्हणतो, आणि आम्ही चेंडू बाहेर काढण्याऐवजी तो जेथे थांबला आहे तेथून पुढच्या फटक्याचे कप मोजू लागतो.