नखाएवढं आतडं

2014 च्या जानेवारीतली अमेरिकेतल्या आयोवातली एक शेड अजून डोळ्यांसमोर आहे. दिव्याच्या उबेला डुकराची अकरा पिल्लं एकावर एक पडली होती. वय चार दिवस. शेपटीखाली पिवळं पाणी, अंगावर ओकलेल्या दुधाच्या गुठळ्या. एकाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. पिल्लू आईला पीत होतं आणि तरी वाळत होतं.

हा पीईडी, डुकरांच्या आतड्याला होणारा विषाणूचा आजार. अमेरिकेत तो मे 2013 मध्ये पहिल्यांदा सापडला. आठवड्याच्या आतली पिल्लं यात जवळपास सगळी जातात. परभणीला शिकताना वासरांची हगवण पुष्कळ पाहिली होती, पण असं नव्हतं पाहिलं.

प्रयोगशाळेत मी अशाच पिल्लांच्या आतड्यावर काम करायचे. पिल्लू गेल्यावर दहा मिनिटांत आतडं कापून, मागचा स्नायूचा थर चिमट्यानं सोलून, नखाएवढा तुकडा उसिंग चेंबरमध्ये, म्हणजे दोन कप्प्यांच्या डबीत, मधल्या पडद्यासारखा बसवायचा. दोन्ही बाजूंना कोमट क्षारद्रव, त्यात वायूचे बुडबुडे. मग तुकड्यातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजत बसायचं. पेशींना क्लोराइड सोडायला लावणारं फोर्स्कोलिन टाकलं की आकडा सरसर चढतो. रक्ताच्या बाजूनं ब्युमेटॅनाइड, म्हणजे पेशीत क्लोराइड येण्याची वाट अडवणारं औषध, टाकलं की खाली येतो. जेवढा उतरला, तेवढा बहुतेक क्लोराइडचा. पहिल्यांदा तो उतरताना पाहिला तेव्हा मला हात लावून काही कळल्यासारखं वाटलं होतं.

आतड्याच्या आत बोटांसारखे अंकुर असतात आणि त्यांच्या बुडाशी खळगे. अंकुर मीठ-पाणी आत ओढतात. खळग्यांतल्या पेशी क्लोराइड बाहेर सोडतात, त्यामागे सोडियम जातं, त्यामागे पाणी. निरोगी पिल्लात अंकुर खळग्याच्या साधारण सात पट उंच असतो. विषाणू नेमके अंकुर खातो, मग दोन्ही एका उंचीला येतात. ओढणारं कुणी उरत नाही, सोडणारे मात्र शाबूत.

सत्तरच्या दशकात टोरांटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमध्ये हॅमिल्टन आणि गॉल यांच्या गटानं टीजीई या पीईडीच्या भावंडावर हेच पाहिलं. मुलांच्या दवाखान्यात डुकराची पिल्लं, कारण प्रश्न तान्ह्या बाळांचाच होता. त्यांना दिसलं की खळग्यांतून घाईघाईनं वर आलेल्या पेशी अपक्व असतात, ग्लुकोजच्या जोडीनं सोडियम ओढायला त्यांना नीट जमत नाही. ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं साखर-मिठाचं पाणी, त्याच जोडीवर चालतं. त्या शेडमध्ये पिल्लांना पाजलेलं तसलं पाणी इतकं का कमी पडलं, ते मला इथे समजलं.

माणसाच्या बाळाला रोटाव्हायरस या विषाणूनं जुलाब झाले, तर सहसा बरेच अंकुर वाचलेले असतात. म्हणून तिथं ओआरएस कामाला येतं, आणि मी त्यावर मनापासून विश्वास ठेवते. गेल्या महिन्यात रात्री वहिनीचा फोन आला, आठ महिन्यांच्या भाचीला सकाळपासून जुलाब. लघवी होतेय का, डोळे खोल गेलेत का, आधी विचारलं. मग पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायला सांगितली. त्या एका लिटरात क्लोराइड 65 मिलिमोल असतं.

"चमच्या-चमच्यानं पाजत राहा वहिनी. ओकली तर दहा मिनिटं थांबा, आणि परत सुरू करा. अंगावरचं दूध बंद करू नका. सुस्तावली तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या."