नाकावरची पट्टी: कोणाच्या घोरण्यावर चालते, कोणाच्या नाही

पट्टी विकत घेण्याआधी आरशासमोर उभं राहा. तोंड मिटून नाकाने श्वास घ्या. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना गालावर बोटं टेकवा, गाल हलकेच कानाकडे ओढा आणि पुन्हा श्वास घ्या. श्वास लगेच मोकळा झाला, तर पट्टीचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. काहीच फरक वाटला नाही, तर पैसे वाचवा.

कारण साधं आहे. नाकातली सर्वांत अरुंद जागा नाकपुडीच्या थोडी वर, आतल्या बाजूला असते. जोरात श्वास ओढला की तिथली मऊ भिंत आत खेचली जाते. पट्टीत प्लॅस्टिकच्या लवचिक काड्या असतात. नाकावर वाकवून चिकटवल्या की त्या सरळ व्हायला बघतात आणि भिंत बाहेर उचलून धरतात. पट्टीचं काम एवढंच. आवाज बहुतेक वेळा टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरल्यामुळे येतो, तिथे पट्टी पोचत नाही. नाक अडल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्यांनाच तिचा खरा फायदा.

पट्टी निकामी ठरते ती बहुधा चुकीच्या जागी लावल्यामुळे. वर हाडावर लावली तर उचलायला तिथे काही नसतंच. नाकपुड्या जिथे फुगतात त्याच्या जेमतेम वर, दोन्ही टोकं मऊ भागावर येतील अशी लावा. आधी नाक साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. क्रीम, तेल किंवा बामचा अंश राहिला तर मध्यरात्री एक टोक सुटणारच. चिकटवल्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. सकाळी कोरडी ओढू नका, साल निघते. कोमट पाण्याने भिजवून दोन्ही टोकांकडून मध्याकडे सोडवा. एक पट्टी एकदाच, आणि तीही 12 तासांपेक्षा जास्त नको.

सर्दीने किंवा ॲलर्जीने नाक चोंदलं असेल तर आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा. उकळून कोमट केलेल्या 240 मिली पाण्यात आयोडीन नसलेलं मीठ, चहाच्या छोट्या चमच्याने सपाट अर्ध्या चमच्याहून किंचित कमी. न उकळलेलं नळाचं पाणी यासाठी कधीही वापरू नका. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब मात्र तीन-चार दिवसांपलीकडे नेऊ नका. पुढे थेंब थांबवताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस बाटलीला बांधला जातो.

फक्त उताणं झोपल्यावरच घोरत असाल तर कुशीवर झोपणं पट्टीपेक्षा सरस. टी-शर्टला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवला की पाठ टेकत नाही. खालचा जबडा पुढे धरणारं साधन दंतवैद्याकडून मापाने करून घ्यावं, नाहीतर जबडा दुखतो. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचा प्रकार नाक चोंदणाऱ्यांनी अजिबात करू नये.

घोरता घोरता श्वास थांबत असेल, दचकून जाग येत असेल, दिवसा डोळे मिटत असतील, तर तो स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, असू शकतो. पट्टी आवाज थोडा कमी करेल, पण आजार तसाच राहील. घरातल्या कोणाला तरी झोपेतला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा आणि तो कान-नाक-घसा तज्ज्ञांना ऐकवा.